पंचविसावा उंबरा

“थांबा थांबा, मी उचलतो!”

“हात लावून तर बघा!”

उत्तरा अशी काही कडाडली की समोरचा माणूस दोन्ही हात वर करून जागच्या जागी थिजला. खरं तर बिचारा मदतीलाच धावला होता. पण चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला मदत करणाऱ्यांचा किती त्रास असतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

सात नंबरच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतून ओल्या प्लास्टरचा वास येत होता. आणि दारात, तिच्या खुर्चीच्या पुढच्या दोन्ही छोट्या चाकांना अडवून, तीन बोटं उंचीचा नवाकोरा काळा उंबरा ऐटीत बसला होता. नकाशात तो नव्हता. उत्तराला हे पक्कं माहीत होतं, कारण नकाशावर ‘उंबरा कुठेही नको’ असं लाल शाईनं तिनंच लिहिलं होतं.

“बरं, नाही लावत हात,” तो माणूस म्हणाला. आणि मग त्यानं एक भलतीच गोष्ट केली. उंबऱ्याच्या पलीकडे, धुळीनं भरलेल्या फरशीवर, तो चक्क मांडी घालून बसला. “बोला आता.”

खुर्चीत आल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदाच कुणाशी बोलताना उत्तराला मान वर करावी लागली नाही. उलट थोडी खालीच करावी लागली, आणि ते तिला बरं वाटलं. तिशीचा असावा. केसांत सिमेंट, कानामागे पेन्सिल, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर.

“घर पाहायला आल्या का जी?” त्यानं विचारलं. “फॉर्म भरला ना? दिव्यांगाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड. दोन-दोन झेरॉक्स लागतात.”

अच्छा, म्हणजे हा आपल्याला घर मिळणाऱ्यांपैकी समजतोय! उत्तराला आतून हसू फुटलं, पण तिनं चेहरा गंभीर ठेवला. “आणि फोटो?”

“फोटो तं लागनच. पण तुमचा काय...” तो अडखळला, “म्हणजे, चांगलाच येईन.”

“उत्पन्न जरा जास्त आहे हो माझं.”

“मग नाही मिळत घर.” त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. “काय करता आपण?”

“आर्किटेक्ट आहे. या चोवीस घरांत खुर्ची फिरते की नाही ते तपासायला सरकारनं ज्या संस्थेला नेमलंय ना, तिथली.” तिनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. “फिरत नाही.”

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उठावं की बसून राहावं ते त्याला कळेना. “जितेंद्र भोयर,” शेवटी तो म्हणाला. “साइट इंजिनीअर. म्हणजे... आजपर्यंत तरी.”

“हा उंबरा कुठून उगवला, भोयर?”

“तीन दिवस गावाले गेलो होतो मॅडम. आज सकाळी येऊन पाहतो तं—”

“फक्त सातमध्ये आहे ना?”

जितेंद्रनं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. “चोवीसही घरांत,” तो म्हणाला.

कोराडी रोडवरची ही चोवीस बैठी घरं सरकारी योजनेतली. ज्यांना मागेपुढे कुणी नाही असे म्हातारे आणि ज्यांचं अंग साथ देत नाही असे गरीब, यांच्यासाठी. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशी ओढायची लाल दोरी, ती ओढली की धावत येणारी मदतनीस, दिवसा एक नर्स आणि सगळ्यांचा मिळून एक स्वयंपाकघर. गुढीपाडव्याला चाव्या द्यायच्या ठरल्या होत्या. त्याआधी मोठ्या साहेबांची तपासणी होती, दहा दिवसांवर. उंबरे दिसले असते तर दाखला अडकला असता, आणि चोवीस माणसांचा पाडवा आहे तिथेच गेला असता.

गुन्हेगार शोधावा लागला नाही. मारोतराव मिस्त्री स्वतःच पुढे आले. साठीचे, डोक्याला पंचा, हातात थापी.

“म्या बसवले,” ते म्हणाले. “ओट्याचा काळा दगड उरला होता. मॅडम, बिना उंबऱ्याचं घर असते का कुठी? घर कोनतं न रस्ता कोनता, लक्ष्मीले समजन कसं?”

“पण मारोतराव, भोयर साहेब गावाला गेले असताना असं परस्पर?”

“इंदूबाई रडल्या जी.”

सात नंबर इंदूबाईंना मिळालं होतं. सारा जन्म त्यांनी इतवारीतल्या दुकानांत बसून धान्य निवडलं. राहायची खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा, दोर धरून चढायचा. गुडघे गेल्यापासून त्या आठवड्यातून एकदाच खाली उतरत. गेल्या शनिवारी घर पाहायला आल्या, भिंतींवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, लाल दोरी दोनदा ओढून मदतनिशीला पळवली. खूश होत्या. आणि निघताना दारात थबकून त्यांचे डोळे भरून आले. उंबरा नाही. हळद-कुंकू वाहायचं कुठं?

मारोतरावांनी ते पाहिलं आणि तीन दिवस खाली मान घालून चोवीस उंबरे बसवले. आता अशा माणसाला रागवायचं तरी कसं? उत्तरानं रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पण “सगळे फोडा” हे मात्र तिला म्हणावंच लागलं.

“एक सांगू का?” जितेंद्र म्हणाला. “फोडाच्या आधी इंदूबाईले विचारून घेऊ. घर त्यांचं आहे.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतः इतवारीत जाऊन इंदूबाईंना जिन्यावरून उतरवून घेऊन आला. इंदूबाईंनी नवा उंबरा पाहिला आणि मारोतरावांच्या चेहऱ्यावरून बोटं ओवाळून कडकडा मोडली. मग त्यांची नजर उंबऱ्याबाहेर अडलेल्या उत्तरावर गेली.

“काहून वं पोरी, बाहेर काहून बसली? ये ना आत.”

“येता येत नाही, आजी. उंबरा आहे.”

“मग हा पोरगा उचलन ना तुले.”

“त्याचसाठी नाही येत,” उत्तरा म्हणाली. आणि कसं कोण जाणे, जे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं ते या ओळख ना पाळख अशा म्हातारीला सांगून टाकलं. अपघातानंतर मामेबहिणीचं, भूमिकाचं लग्न होतं. मामाच्या दारात पायऱ्या. दोन काका पुढे झाले, एक शेजारी मागून आला, ‘एक, दोन, तीन’ म्हणत त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. सोफा चढवतात तसं. वर गेल्यावर सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. ठेवणीतली पैठणी नेसली होती ती. कुणाचं लक्षही गेलं नाही. “तेव्हापासून मी कुणाच्या घरी जात नाही, आजी. जिथं माझी मी जाऊ शकते तिथंच जाते.”

जितेंद्र भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं ‘अरेरे’ म्हटलं नाही, सहानुभूतीचा सुस्कारा सोडला नाही. नुसता ऐकत राहिला. हे उत्तरानं बरोबर टिपलं.

इंदूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. “मारोतराव, असा कसा बसवला हो दगड? पोर बाहेर न घर आत!”

“तुम्हीच तं म्हटलं, उंबरा पायजे!”

“उंबरा पायजे म्हटलं. उंच पायजे म्हटलं का? मी का उंची पुजते? मी दगड पुजते! जमिनीत सपाट गाडा न त्याले.”

एक आर्किटेक्ट, एक इंजिनीअर आणि चाळीस वर्षं भिंती रचणारा मिस्त्री... आणि उत्तर सुचलं कुणाला, तर धान्य निवडणाऱ्या म्हातारीला! फरशीच्या पातळीत काळा दगड. पूजेला आहे, चाकाला नाही. उत्तरा आणि जितेंद्रनं एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसत सुटली.

आता डोळ्यांचं सांगायला हरकत नाही. हसताना त्याचे डोळे पार मिटायचे. लहान मुलाचे मिटतात तसे. उत्तराला ते त्या दिवशी दिसलं आणि मग दिसतच राहिलं.

दहा दिवसांत चोवीस उंबरे काढून पुन्हा सपाट बसवायचे, म्हणजे काम थोडंथोडकं नव्हतं. दगड आणि फरशी यांच्यात नखाएवढाही उंचवटा नको. तो मोजायला पट्टी होती, पाणपातळी होती. पण जितेंद्रनं स्वतःची पद्धत काढली. कोपऱ्यावरच्या टपरीतून काठोकाठ भरलेला चहाचा कप आणायचा. उत्तरानं तो मांडीवरच्या लाकडी फळीवर ठेवायचा आणि खुर्ची दारातून आत न्यायची. एक थेंब सांडला तरी दगड पुन्हा काढायचा.

“नियम तो नियम,” तो म्हणाला. “पास झालेला चहा तुमचा. नापास झालेला माझा.”

“ही कुठल्या पुस्तकातली चाचणी?”

“भोयर यांच्या.”

“आणि मला रोज चहा पाजायचा बहाणा नाही ना हा?”

“छे!” तो म्हणाला. मग कानामागची पेन्सिल उगाच काढून पाहिली. “म्हणजे... तसं झालं तं माझा काही आक्षेप नाही.”

रोज दोन-तीन घरं व्हायची. ती यायची, ऑटोतून आपली आपण खुर्चीत उतरायची. तो जवळ उभा राहायचा, पण हात मागे बांधून. पहिल्या दिवशीचं ते ‘हात लावून तर बघा’ त्यानं अगदी मनावर घेतलं होतं. बोलायचं असलं की फरशीवर बसायचा. सगळ्या पँटी मागून पांढऱ्या झाल्या त्याच्या. ‘तुम्ही’ नेमकं कितव्या घरात गळून पडलं ते दोघांनाही सांगता येणार नाही. अकराव्यापर्यंत होतं, एवढं नक्की.

एकोणिसाव्या घरात असताना अवकाळी पाऊस आला. दुपारी चारलाच अंधारून आलं आणि पत्र्याच्या शेडवर ताडताड गारा कोसळायला लागल्या. उत्तरा नेमकी दारात होती. मोठा कडकडाट झाला, ती दचकली, आणि चहाचा एक ओघळ फळीवर आला.

“नापास!” जितेंद्र ओरडला.

“उंबऱ्याचा काय दोष? विजेचा आहे!”

“विजेले कसं बोलावू मी पुन्हा काम कराले? उद्या दगड काढतो.”

“वेडा आहेस का जितू?”

जितू. ते तिच्या तोंडून निसटलं आणि दोघंही एकदम बाहेरच्या गारा पाहायला लागली. अंगणात बोराएवढ्या गारा उड्या मारत होत्या. मातीचा ओला वास दारातून आत येत होता. त्यानं हात बाहेर काढून एक गार पकडली, वितळण्याआधी तिच्या तळहातावर ठेवली आणि हात पटकन मागे घेतला.

“अर्धा चहा उरला आहे,” तो फळीकडे बघत म्हणाला. “नापास झालेला. माझा.”

“अर्धा-अर्धा,” उत्तरा म्हणाली.

आणि खरंच सांगते, दुसऱ्या दिवशी त्या गड्यानं एकोणिसावा दगड काढून पुन्हा बसवला.

तपासणी झाली. मोठ्या साहेबांनी चोवीस दारं पाहिली, बुटाचं टोक दगडावरून फिरवून पाहिलं आणि सही केली. मारोतरावांनी पेढे वाटले. साहेबांची गाडी गेल्यावर जितेंद्र नेहमीसारखा उत्तरासमोर फरशीवर बसला.

“आई म्हणून राहिली, ज्या पोरीसाठी तू रोज चहा नेऊन राहिला तिले एकदा घरी तं आण.”

उत्तराला क्षणात हो म्हणावंसं वाटलं. पण ओठांवर आलं ते नेहमीचंच. “मी कुणाच्या घरी जात नाही. तुला माहीत आहे.”

“माझ्याबी?”

“तुझं घर पाहिलंय मी, जितू.”

“कधी?”

“परवा. न सांगता आले होते, सरप्राइज म्हणून, पेढे घेऊन. प्रताप नगरात, पिवळं घर, दारात मोगरा. दोन पायऱ्या. वर सागाचा उंबरा, हळद-कुंकवानं माखलेला. ऑटो दोन मिनिटं उभा केला आणि परत फिरवला. पेढे ऑटोवाल्याच्या पोरींनी खाल्ले.”

“आन् हाक नाही मारली?”

“हाक मारली असती तर तू धावत आला असतास. शेजारचे दोन काका आले असते. एक, दोन, तीन...” तिनं बोटं मोजून दाखवली. “तुझ्या घरात मला सामानासारखं नव्हतं यायचं रे. दुसऱ्या कुणाच्याही घरात एक वेळ चाललं असतं. तुझ्या नाही.”

याहून स्पष्ट माणसानं काय बोलायचं? जितेंद्र खाली मान घालून बसला होता. उत्तरा वाट पाहत राहिली. तो काहीतरी बोलेल, हात तरी पुढे करेल...

“पायऱ्या सहा-सहा इंचाच्या आहेत ना?” त्यानं विचारलं.

“काय?”

“दोन पायऱ्या. बारा इंच. आणि वर उंबरा.” तो उठलासुद्धा. “येतो मी.”

गेला! मी काळीज काढून समोर ठेवतेय आणि हा शहाणा इंच मोजतोय! उत्तरा त्या दिवशी घरी जाऊन रागानं जेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘कामात आहे.’ तिसऱ्या दिवशीही तोच. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग तिनं मनाची समजूत घातली. शहाणी माणसं अवघड गोष्टीतून अशीच हळूच पाय काढून घेतात. तिनं तरी काय वेगळं केलं होतं? दारापर्यंत जाऊन परतच आली होती ना?

पाडव्याला कोराडी रोडवर चोवीस गुढ्या उभ्या राहिल्या. इंदूबाईंनी काळ्या दगडावर हळद-कुंकू वाहिलं होतं, पुढे ठसठशीत रांगोळी काढली होती. उत्तरा दारात थांबली.

“आजी, रांगोळी मोडेल.”

“मोडू दे वं! माणसं आल्याबिगर रांगोळी मोडते का? ये आत.”

ती गेली. आत गेल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, तर दगडावरून ओट्यापर्यंत रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. इंदूबाई गालाला हात लावून त्या रेघांकडे बघत होत्या. “पुसू नोको,” त्या मदतनिशीला म्हणाल्या. “लक्ष्मीची पावलं आहेत ते.”

चोवीस दारं उघडली आपण, उत्तराला वाटलं, आणि जे एक हवं होतं...

“मॅडम.”

दारात जितेंद्र होता. नवा सदरा, दाढी केलेली. पण हात? हातांना सिमेंटनं भेगा पडल्या होत्या.

“एक घर तपासाचं राहिलं.”

“योजनेत चोवीसच आहेत,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“हे योजनेत नाही. माझ्या मनात आहे. पास करायचं का नापास, ते तुझ्या हाती.”

तिनं वर पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याचा कानसुद्धा लाल झाला होता.

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ म्हणतात. आमच्या जितेंद्रनं दोन्हींची गाठ एकाच पाडव्याला घालायची ठरवली होती, हे उत्तराला प्रताप नगरचं वळण येईपर्यंत कळलं नाही.

पिवळं घर तेच होतं. पण दारातला मोगरा कुंडीत गेला होता आणि फाटकापासून एक चढण निघाली होती. फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते आणि अंगण पडलं आठ फुटांचं. म्हणून ती निम्म्यात वळून, घराच्या कुशीनं परत दाराकडे येत होती. अगदी नियमात बसणारी. वर, दारात, काळा दगड फरशीत सपाट बसवला होता, आणि शेजारी मारोतराव थापी लपवत उभे होते.

“माझे बाबा असते तं त्यांनीच केलं असतं,” जितेंद्र म्हणाला. “मले आधी बोलता नाही आलं, उत्तरा. नुसतं बोलून काय करू? तू म्हणाली असती, पायऱ्या आहेत.”

आतून त्याची आई फाटकाशी आली, प्रयागबाई. हातात चहाचा कप, काठोकाठ.

“काकू, तुमचा उंबरा...” उत्तरानं दाराकडे पाहिलं. “तुमच्या सासूबाईंच्या वेळचा असेल ना?”

“हो. तो पाहा, तिथी आहे.” प्रयागबाईंनी बोट दाखवलं. दाराच्या आत भिंतीशी एक बुटका बाक होता, सागाचा, हळद-कुंकवाच्या खुणा तशाच असलेला. “मारोतरावांनी बनवला. हा मेला रोज फरशीवर बसते न पँटी खराब करते, म्हटलं बस बाबा त्याच्यावर. न माझे गुडघे का सोन्याचे आहेत? त्या पायऱ्या मलेबी होऊन नोहोत्या राहिल्या.” त्यांनी कप उत्तराच्या फळीवर ठेवला. “घे. सुनेनं माप ओलांडून यावं म्हणतात. याचं म्हणणं, आपल्याकडे चहाचं माप.”

सुनेनं! जितेंद्रनं कपाळावर हात मारला. “आई, मी अजून विचारलं कुठी तिले!”

“मग विचार ना. मी का थांबवलं?”

उत्तरानं काहीच ऐकलं नसल्यासारखं करत चाकं धरली. पहिला चढ, वळण, दुसरा चढ. कुणी मागून ढकललं नाही, कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही. दगड आला. चाकाला कळलंसुद्धा नाही. ती आत होती. योजनेबाहेरच्या कुणाच्या तरी घरात, चार वर्षांनी, आपल्या आपण.

आणि चहा सांडला. चांगला बशीभर.

“नापास!” मारोतराव बाहेरून कळवळले. “माह्या हातचा दगड!”

“नियम तो नियम,” जितेंद्रचा चेहरा उतरला. “उद्या काढून पुन्हा बसवतो.”

“नको,” उत्तरा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे गळत होते. “उंबऱ्याचा दोष नाही.”

“मग कोणाचा? आज तं वीजबी नाही.”

“माझ्या हाताचा. थांबतच नाहीये थरथरायचा.”

जितेंद्र बाकावर बसला. डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. चोवीस घरांत ज्यानं हात मागे बांधून ठेवले होते, त्यानं ते पुढे आणले आणि मध्येच थांबवले.

“हात... लावू का?”

“लाव,” उत्तरा म्हणाली. “पण खुर्चीला नाही.”